जुन्या मोटारीचे लाल तेल



बाजारातून वापरलेले पितळी पातेले विकत आणले, तर घरची गृहिणी ते प्रथम चिंचेने घासते, कडत पाण्याने धुते, कल्हई पाहते आणि मगच चुलीवर चढवते. त्या पातेल्यात पूर्वी कोणी काय शिजवले हे तिला ठाऊक नसते, आणि ठाऊक नसते म्हणूनच ती एवढी खबरदारी घेते. वापरलेली मोटार विकत घेणारा गृहस्थ मात्र या बाबतीत फार उदार असतो. तो रंग पाहतो, टायर पाहतो, बैठकीवर हात फिरवितो, एक चक्कर मारून येतो आणि पैसे मोजतो. त्या गाडीच्या पोटात कोणते तेल आहे, ते कधी घातले, मुळात घातल्यानंतर पुन्हा कधी कोणी पाहिले काय, हा प्रश्न शंभरांतून फार थोड्यांच्या मनात येतो. आज मी ज्या तेलाविषयी बोलणार आहे ते इंजिनातील नव्हे. इंजिनाचे तेल बदलावे लागते हे आता शाळेतल्या मुलांसही माहीत आहे. माझा विषय आहे स्वयंचलित गिअरबॉक्सातील तेल, आणि तेही डिझेलवर चालणाऱ्या, माल वाहणाऱ्या, दुसऱ्याच्या हातून आपल्याकडे आलेल्या पिकअप गाडीतील.

हा विषय मला सुचला तो बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे. माझे एक स्नेही तेथे शेती करतात. पैनगंगेच्या बाजूस त्यांची जमीन आहे. सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. गेल्या हंगामाचे पैसे हाती आल्यावर त्यांनी एका मोठ्या शहरातून वापरलेली डिझेल पिकअप खरेदी केली. त्यांचा डावा गुडघा बरीच वर्षे दुखतो. क्लच दाबताना कळ येते. म्हणून त्यांनी मुद्दाम क्लचचे पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी निवडली. मीटरवर नव्वद हजार किलोमीटर झालेले होते. समृद्धी महामार्गाने ती मेहकरास आली, आणि वाटेत तिने कसलीही कुरकूर केली नाही. पुढे दीड महिन्यांनी पोती भरून सकाळी निघताना तिने एक खोड दाखविली. गिअरचा दांडा पुढे जाण्याच्या खुणेवर आणला तरी गाडी दोन-तीन सेकंद जागची हलेना. इंजिन गुरगुरे, आणि मग एकाएकी हिसका बसून ती पुढे जाई. मी त्यांना विचारले, “गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले आहे?” ते म्हणाले, “सर, याले तेल बदलाचं कामच नाई म्हणे. विकणाऱ्यानं सांगतलं, जल्मभर पुरते.”

या “जन्मभर पुरते” या दोन शब्दांत आजच्या भाषणाचे सारे सार आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी या पेटीत तेल काय करते ते समजून घेऊ.

आपल्या गावोगावी ज्या पिकअप गाड्या दिसतात त्यांतील बहुतेकांचे गिअर हाताने बदलावयाचे असतात. त्या पेटीतील तेल जाड असते आणि त्याचे काम मुख्यतः एकच: एकमेकांत गुंतलेल्या दंतचक्रांवर वंगणाचा थर राखणे. स्वयंचलित पेटी असलेल्या पिकअप आपल्या देशात मोजक्याच. इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली भारतात आलेली टोयोटाची हायलक्स ही त्यांतील परिचित नावे; या दोहोंत सहा गतींची स्वयंचलित पेटी मिळते. नव्या असताना या गाड्या घेणारे गृहस्थ निराळे असतात. परंतु कोणतीही गाडी काही वर्षांनी दुसऱ्या हाती जाते, आणि शहरात हौसेने वापरलेली गाडी खेड्यात कामाला लागते. हाताच्या गिअरबॉक्सवर वाढलेल्या मिस्त्रीपुढे ही पेटी आली म्हणजे तो तिला हात लावावयास कचरतो, आणि ते साहजिकच आहे.

स्वयंचलित पेटीचे पहिले अंग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. चालू पंख्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. दोहोंमध्ये कोणताही दांडा नाही. शक्ती नेली ती वाऱ्याने. आता वाऱ्याच्या जागी तेल कल्पा आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला. एक पंखा इंजिनास जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सास. इंजिन फिरते, तेल ढवळले जाते, आणि त्या तेलाच्या जोराने दुसरा पंखा फिरतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, ते आगबोटींसाठी. मोटारीत आपोआप गिअर बदलणारी पेटी मोठ्या प्रमाणावर आणली ती अमेरिकेतील जनरल मोटर्सने, १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाडीत. तिचे नाव हायड्रा-मॅटिक.

दुसरे अंग म्हणजे दंतचक्रांचे संच. मध्ये एक चक्र, त्याभोवती फिरणारी लहान चक्रे आणि सर्वांस वेढणारे एक कडे, अशी त्यांची रचना असते. म्हणून त्यांस सूर्य आणि ग्रह अशीच नावे दिली आहेत. यांतील कोणते चक्र अडवावयाचे आणि कोणते मोकळे सोडावयाचे यावर गती ठरते. ही अडवण्याची व सोडण्याची कामगिरी पातळ क्लच प्लेटांचे गठ्ठे करतात. त्या प्लेटांवर कागदासारख्या द्रव्याचा थर असतो, आणि त्या सदैव तेलात बुडालेल्या असतात. त्यांस दाबणारा हात कोणाचा? तोही तेलाचाच. इंजिनाबरोबर फिरणारा एक पंप तेलास दाब देतो. झडपांची एक पेटी त्या दाबास योग्य वाटेने पाठविते. आणि त्या दाबाने प्लेटांचा गठ्ठा आवळला जातो.

म्हणजे पाहा, या एकाच तेलाकडे किती कामे सोपविली आहेत. ते इंजिनाची शक्ती पुढे नेते. ते क्लच दाबते. ते दंतचक्रांस वंगण पुरविते. प्लेटा आवळल्या जाताना निर्माण होणारी उष्णता ते उचलून रेडिएटरकडील थंड करण्याच्या नळ्यांत नेऊन टाकते. शिवाय प्लेटांनी एकमेकींस पकडावे, पण हिसका देऊन पकडू नये, इतके नेमके घर्षण राखण्याचे नाजूक कामही त्याचेच. वंगण म्हटले की केवळ निसरडेपणा आपल्या डोळ्यांपुढे येतो. येथे निसरडेपणा आणि पकड या दोन परस्परविरुद्ध गुणांचा तोल एकाच द्रवाने सांभाळावयाचा असतो. हा तोल त्यात मिसळलेल्या निरनिराळ्या द्रव्यांमुळे साधतो, आणि ती द्रव्ये कालांतराने खर्ची पडतात.

ती खर्ची पाडणारा मुख्य शत्रू म्हणजे उष्णता. साधारणतः हे तेल ८० ते ९५ अंश सेल्सियसच्या आसपास काम करते. ते १२० अंशांच्या वर वारंवार जाऊ लागले की त्याचा ऱ्हास झपाट्याने होतो. तपमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा एक ढोबळ नियम अभियंते सांगतात. ही उष्णता प्रामुख्याने निर्माण होते ती कन्व्हर्टरात, एक पंखा वेगाने आणि दुसरा सावकाश फिरत असताना. कारण मधली सारी शक्ती तेल घुसळण्यात वाया जाते. समृद्धीसारख्या रस्त्यावर गाडी एका वेगाने धावत असते तेव्हा आतील एक क्लच दोन्ही पंख्यांस एकत्र जखडून टाकतो, घुसळण थांबते आणि तेलास विसावा मिळतो. उलट वैशाखातल्या दुपारी पोत्यांनी भरलेली गाडी शेताच्या मऊ वाटेने पायरीपायरीने चढविणे, बाजार समितीच्या रांगेत तासभर पुढे-मागे करणे, यात किलोमीटर फारसे होत नाहीत, परंतु तेल अक्षरशः शिजते. त्यात इंजिन डिझेलचे. डिझेल इंजिनाचा पीळ कमी वेगातच मोठा असतो. हायलक्सच्या स्वयंचलित नमुन्यात तो ५०० न्यूटन-मीटर इतका आहे. हा सारा भार प्रथम तेलाने झेलावयाचा. म्हणून नुसत्या मीटरवरील आकड्यावरून तेलाचे वय ठरविता येत नाही. तीच गाडी पुण्याच्या गृहस्थाने रविवारी लोणावळ्यास नेली तर तिचे तेल निराळे वागेल, आणि मेहकरच्या शेतकऱ्याने हंगामात राबविली तर निराळे.

आता “जन्मभर पुरते” या शब्दांकडे येऊ. हे शब्द काही विकणाऱ्याने मनाने रचलेले नाहीत. अनेक मोटारींच्या पुस्तिकांत असा मजकूर असतो की, सामान्य वापरात हे तेल बदलण्याची आवश्यकता नाही. परंतु हे वाक्य वाचताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला, सामान्य वापर म्हणजे कोणता? बहुधा त्याच पुस्तिकेत पुढे कठीण वापराची व्याख्या दिलेली असते: ओझे ओढणे, उष्ण हवा, धूळ, वारंवार थांबत जाणे. ही व्याख्या वाचली म्हणजे आपल्याकडील मालगाडीचे वर्णनच वाचल्यासारखे वाटते, आणि तेथे तेल बदलण्याची मुदतही दिलेली असते. दुसरा प्रश्न, जन्म कोणाचा? पहिल्या मालकाच्या हातात गाडी जितकी वर्षे राहते तितका काळ तेल पुरले, तर त्याच्यापुरते वचन खरे ठरते. दुसऱ्या मालकाचा त्यात हिशोब धरलेला नसतो. जर्मनीतील झेड.एफ. ही कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवून अनेक मोटार कारखान्यांस पुरविते. तिच्या पेट्या ज्या गाड्यांत बसविल्या जातात त्यांपैकी कित्येकांच्या बाबतीत मोटार बनविणारे तेल जन्मभर पुरते असे सांगतात. परंतु पेटी घडविणारी झेड.एफ. स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांनी, किंवा आठ वर्षांनी, ते बदलावे असा सल्ला देते. ज्याने वस्तू घडविली त्याचे म्हणणे अधिक वजनदार मानावे, असे मला वाटते.

मग माझ्या स्नेह्यांनी लगोलग तेल बदलावे काय? येथे थोडे थांबावयास हवे, कारण दुसऱ्या बाजूची एक समजूतही तितकीच पसरलेली आहे. ती अशी की, जुन्या गाडीचे तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो. म्हणून आजवर बदलले नसेल तर आता हात लावू नये. ही समजूत निराधार नाही. असे प्रसंग घडतात. त्यांचा उलगडा असा: प्लेटांवरील थर झिजून त्याची पूड तेलात मिसळलेली असते. प्लेटा संपत आल्या असता ती पूडच थोडीफार पकड देत असते. ते गढूळ तेल काढून स्वच्छ तेल भरले की उरलीसुरली पकड जाते आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत राहते. दोष नव्या तेलास दिला जातो. वस्तुतः पेटी आधीच निकामी होत आलेली असते. तेव्हा बदलावे की नाही, हे मनाच्या धाडसावर किंवा भीतीवर सोडू नये. ते तेलासच विचारावे.

तेलास विचारणे म्हणजे काय, तर त्याचा थोडा नमुना पांढऱ्या कापडावर किंवा कागदावर घ्यावा. नवे तेल बहुधा तांबडे व पारदर्शक असते. हा तांबडा रंग केवळ ओळखीसाठी घातलेला असतो, म्हणजे जमिनीवर ठिपका पडला तर तो इंजिनाच्या तेलाचा की याचा हे समजावे. तेल तपकिरी झाले असेल, पण त्याला जळका वास नसेल, तर ते नुसते वयस्क झाले आहे. बदलण्यास हरकत नाही. ते काळे झाले असून करपल्याचा वास येत असेल, आणि गाडी चढावर घसरल्यासारखी वाटत असेल, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही अशी स्थिती असेल, तर नवे तेल हे त्यावरील औषध नव्हे. पेटी उघडून पाहणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच जावे. तेल दुधट गुलाबी दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. हे पाणी एक तर रेडिएटरातील फुटक्या नळीतून येते, किंवा पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यात गाडी घातली असता पेटीच्या श्वासनळीतून आत जाते. अशी गाडी एक दिवसही चालवू नये, कारण प्लेटांवरील थर पाण्याने सुटून येतो.

आमच्या गाडीच्या बाबतीत मेहकरच्या एका समजूतदार मिस्त्रीने काम हाती घेतले. या पेटीस तेल पाहण्याची पट्टी नव्हती. आजकाल पुष्कळ पेट्यांस ती नसते. त्याऐवजी तळाशी पातळीचा एक नट असतो. गाडी सपाट जागी, इंजिन चालू आणि तेल नेमून दिलेल्या तपमानावर असताना तो नट काढावयाचा. तेलाची बारीक धार येऊन ती थेंबांवर आली तर पातळी बरोबर. आम्ही नट काढला, आणि एक थेंबही बाहेर आला नाही. सकाळच्या त्या खोळंब्याचे कारण येथेच उमगले. तेल कमी असल्यामुळे पंप आरंभी तेलाबरोबर हवाही ओढीत होता. दाब तयार होण्यास दोन-तीन सेकंद लागत, आणि मग प्लेटा एकदम आवळल्या जाऊन हिसका बसे. तेल गेले कोठे? थंड करण्याच्या नळीच्या सांध्याशी हात लावला तो बोटे तांबूस झाली. पेटी बंद असते. तिचे तेल इंजिनाच्या तेलाप्रमाणे जळून कमी होत नाही. ते कमी झाले तर गळतीच असली पाहिजे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

सांधा दुरुस्त झाल्यावर तेल बदलण्यास आरंभ केला. त्याचा क्रम सांगतो, कारण गाडी मिस्त्रीकडे दिली तरी काय चालले आहे हे मालकास कळावयास हवे. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर सपाट उभी करावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. तेल कोमट असावे. कढत तेलाने हात भाजतो. प्रथम भरण्याचा नट सैल होतो की नाही ते पाहावे, आणि मगच रिकामे करण्याचा नट काढावा. नाहीतर तेल निघून जावयाचे आणि भरण्याची वाट मात्र गंजून बसलेली, असा प्रसंग यावयाचा. निघालेले तेल मापात धरावे. मग खालचा चेंबर उतरवावा. त्यात चुंबक बसविलेले असतात. त्यांवर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर घाबरू नये. ती नित्याची झीज आहे. टोचणारे धातूचे तुकडे सापडले तर मात्र काम तेथेच थांबवावे. आमच्या चुंबकांवर केवळ लेप होता, आणि तेल तपकिरी पण करपलेले नव्हते. फिल्टर व पॅकिंग नवे घालावे, आणि चेंबरचे बोल्ट समोरासमोरचे घेत हलक्या हाताने, सांगितलेल्या जोरानेच आवळावेत. पेटी ॲल्युमिनियमची असते. आटे एकदा गेले की साध्या कामाचे मोठे काम होते.

येथे एक हिशोब समजून घेण्याजोगा आहे. तळाचा नट काढला म्हणून सारे तेल बाहेर येत नाही. पुष्कळसे कन्व्हर्टरात, नळ्यांत आणि झडपांच्या पेटीत अडकून राहते. समजा, एकंदर तेल दहा लिटर आहे आणि एका वेळी चार लिटर निघते. पहिल्या खेपेस चार लिटर नवे भरले, म्हणजे पेटीत शेकडा ४० नवे आणि ६० जुने. गाडी काही शे किलोमीटर चालवून ते एकजीव झाल्यावर पुन्हा चार लिटर बदलले, तर जुने उरले शेकडा ३६. तिसऱ्या खेपेस ते शेकडा २२ च्या आत येते. ही सावकाशीची रीत जुन्या गाडीस मानवते, कारण तेलाचे स्वरूप पायरीपायरीने पालटते. यंत्राच्या साहाय्याने एका बैठकीत सारे तेल बदलण्याची रीतही आहे, आणि काळजीपूर्वक केली तर ती वाईट नाही. परंतु ज्या पेटीचा पूर्वेतिहास अज्ञात आहे तिच्यात जोराने द्रव सोडून तळाचा गाळ उसळविणे मला शहाणपणाचे वाटत नाही. सूज्ञ वैद्य अशक्त रोग्यास एकदम जुलाब देत नाही.

नवे तेल कोणते घालावे, या प्रश्नास एकच उत्तर आहे: पुस्तिकेत ज्याचे नाव दिले आहे तेच, किंवा त्याच प्रमाणाचे म्हणून डब्यावर स्पष्ट लिहिलेले. रंग तांबडा आहे म्हणून तेल तेच, असे समजू नये. यासंबंधी एक हकीकत उद्बोधक आहे. जनरल मोटर्सने १९४९ साली अशा तेलाचे पहिले प्रमाण ठरविले. त्या काळच्या तेलांत घर्षणाचा तोल राखण्यासाठी चक्क देवमाशाचे तेल मिसळीत असत. त्याच्याइतके उष्णता सोसणारे दुसरे द्रव्य तेव्हा सहज उपलब्ध नव्हते. १९७० नंतर देवमाशांच्या रक्षणासाठी अमेरिकेत त्याचा वापर बंद झाला. रसायनशास्त्रज्ञांनी पर्यायी तेल सिद्ध केले; पण त्या प्रारंभीच्या तेलाने थंड करणाऱ्या नळ्यांचे सांधे गंजू लागले, आणि त्यात गंज रोखणारे द्रव्य घालून ते पुन्हा सुधारावे लागले. एका घटकाच्या फरकाने एवढा उलटापालट होतो. तेव्हा हाती आहे म्हणून दुकानातले कोणतेही तेल, किंवा हाताच्या गिअरबॉक्सचे जाड तेल, या पेटीत ओतणे म्हणजे तिच्या नाशास स्वतः निमंत्रण देणे होय.

जितके निघाले तितके भरावे. आमच्याप्रमाणे मुळात कमी असेल तर थोडे अधिक. मग इंजिन चालू करून, ब्रेक घट्ट दाबून, गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर काही सेकंद थांबवीत फिरवावा, म्हणजे तेल सर्व वाटांत पोचते. शेवटी तेल नेमक्या तपमानावर आले की पातळीचा नट पुन्हा काढून पाहावा. तपमान मिस्त्रीच्या संगणकीय यंत्रावर वाचता येते, आणि हा टप्पा कोणी टाळू लागला तर त्यास टाळू देऊ नये. कारण तेल तापले की फुगते, आणि थंडपणी बरोबर दिसलेली पातळी तापल्यावर जास्त ठरते. पातळी जास्त झाली तर फिरणारी चक्रे तेलास फेस आणतात. फेस दाबला जातो, दाब देत नाही. कमी झाली तर काय होते ते आपण पाहिलेच.

दोन गोष्टी आणखी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की, अशी गाडी रस्त्यात बंद पडली तर चालती चाके जमिनीवर ठेवून तिला दोरीने ओढीत नेऊ नये. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे फिरणाऱ्या चक्रांस वंगण नाही. चार-सहा मैलांच्या ओढाताणीत चांगली पेटी बाद होऊ शकते. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी. दुसरी गोष्ट काढलेल्या तेलाची. ते बांधावर, नालीत किंवा ओढ्यात टाकू नये. पैनगंगेच्या काठच्या विहिरींचे पाणी लोक पितात. तेलाचा तवंग त्या पाण्यात एकदा उतरला की तो परत काढता येत नाही. जळके तेल लाकडास किंवा गोठ्याच्या खांबास फासण्याची आपली जुनी सवयही सोडून द्यावी. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांप्रमाणे हे तेल परवानाधारक पुनर्शोधन करणाऱ्यांकडे जावे लागते. ते झाकणाच्या डब्यात भरून तशा संग्राहकाकडे देणाऱ्या कारखान्यातच काम करवावे.

माझ्या स्नेह्यांच्या गाडीचे तेल तीन खेपांत बदलून झाले. सकाळचा खोळंबा पहिल्याच खेपेस गेला, कारण तो कमी पातळीमुळे होता. गिअर बदलतानाचा धक्का दुसऱ्या खेपेनंतर बराच सौम्य झाला. थंडीत पहिल्या दोन-चार मिनिटांत अजून किंचित जाणवतो. प्लेटांची जी झीज झाली ती तेलाने भरून येणार नाही, हे मी त्यांस स्पष्ट सांगितले. या सर्व कामास काही हजार रुपये खर्च आला. पेटी बदलावी लागती तर ती रक्कम लाखाच्या घरात गेली असती, आणि तेही ऐन सोंगणीच्या दिवसांत, घरात माल आणि दारात बंद गाडी अशा अवस्थेत.

काम आटोपल्यावर त्यांनी एक लहानशी वही काढली. पहिल्या पानावर तारीख, मीटरचा आकडा, तेलाचे नाव, किती निघाले, किती भरले, सांधा कोठे गळत होता, हे सारे लिहिले आणि ती वही गाडीच्या कप्प्यात ठेवून दिली. नव्वद हजार किलोमीटरांचा मागचा हिशोब त्यांस कोणी दिला नव्हता, आणि तो आता मिळणारही नाही. पुढे कधी ही गाडी तिसऱ्या हाती गेली, तर त्या गृहस्थास मात्र कोणाच्या तोंडी शब्दावर विसंबावे लागणार नाही. आपल्यापैकी ज्यांच्या दारी दुसऱ्याची वापरलेली गाडी उभी असेल, त्यांनी येत्या रविवारी तिची पुस्तिका काढून कठीण वापराचे ते पान एकदा वाचावे, आणि जमल्यास एक वही घालावी, एवढीच माझी विनंती आहे.